शंट असलेलं मूल आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन: ठाण्यातल्या नव्या आईबाबांनी काय तयारी ठेवायची

ज्यांच्या बाळाला नुकताच शंट, म्हणजे मेंदूत साचलेलं पाणी पोटात सोडणारी नळी बसवली आहे, किंवा 'रिव्हिजन करावी लागेल' (बिघडलेला शंट दुरुस्त करायचं किंवा बदलायचं ऑपरेशन) हे वाक्य ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. लेक शाळेत जाते. टाक्यांच्या खुणा केसांखाली झाकल्या जातात, आणि शंटबद्दल घरात आता कुणी दबक्या आवाजात बोलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्यासाठीच आहे. डॉक्टरांनी शेकडो शंट पाहिलेले असतात, पण तुमच्या मुलाचा रोजचा चेहरा तुम्हीच पाहिलेला असतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत जे डॉक्टर ड्यूटीवर असतील, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत असतील. त्यांच्यापुढे पाच मिनिटांत नेमकी माहिती ठेवता आली पाहिजे. ते काम आपलं.

पहिली पायरी: आत काय बसवलंय ते समजून घ्या

मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर, आणि एका वेळी आत असतो तो जेमतेम १५०. बाकीचा रक्तात शोषला जातो. ही वाट अडली किंवा शोषणं कमी पडलं की द्रव साचतो, पोकळ्या फुगतात, मेंदूवर दाब येतो. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. नातेवाईक 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात, तेही चुकीचं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, जन्मतःच अरुंद असलेली वाट, पाठीवरची गाठ म्हणजे स्पायना बायफिडा, मेंदूज्वर (आपल्याकडे टीबीचा बराच दिसतो), मेंदूतली गाठ, अशी याची कारणं. ग्रहणात विळी हातात घेतली होती का, असं विचारणाऱ्या काकूंना चहा द्या आणि विषय बदला.

शंट म्हणजे मेंदूच्या पोकळीतली एक बारीक नळी, कानामागे किंवा डोक्यावर कातडीखाली हाताला लागणारा व्हॉल्व्ह, आणि तिथून मानेतून, छातीवरून पोटात उतरणारी लांब नळी. पोटातल्या पडद्यातून द्रव शोषला जातो. याला व्हीपी शंट म्हणतात. पोटात जमत नसेल तर नळीचं खालचं टोक हृदयाकडे किंवा छातीच्या पोकळीत सोडतात.

आता मुद्द्याचं. शंट बिघडतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३४४ मुलांना तीन वेगवेगळ्या प्रकारचे व्हॉल्व्ह बसवले होते. वर्षभरानंतर साधारण ६१ टक्के शंट चालू होते, दोन वर्षांनंतर ४७ टक्के. म्हणजे दोन वर्षांत निम्म्याहून जास्त मुलांचे शंट या ना त्या कारणाने निकामी झाले. वरच्या टोकात मेंदूतल्या उती अडकतात, व्हॉल्व्ह तुंबतो, खालचं टोक पोटात गुंडाळलं जातं, मूल उंच झालं की नळी तोकडी पडते किंवा मानेजवळ तुटते, जंतुसंसर्ग होतो. पाळण्यातून उचलताना तुमचा हात कसा लागला, याचा यातल्या बहुतेक कारणांशी काही संबंध नाही. सासूबाईंनाही हे सांगा, आणि स्वतःला तर नक्कीच.

त्याच चाचणीत तिन्ही व्हॉल्व्हमध्ये टिकण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. पुढे २००५ मध्ये युगांडातल्या मुलांवरचा एक अभ्यास आला. त्यात आपल्या उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला तयार होणारा स्वस्त छाबडा शंट आणि त्याच्या कितीतरी पट महाग परदेशी शंट यांचा वर्षभराचा निकाल सारखाच आला. तेव्हा 'भारी' व्हॉल्व्ह परवडला नाही म्हणून रात्र रात्र जागू नका. बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येणारा प्रोग्रॅमेबल व्हॉल्व्ह काही मुलांना खरंच लागतो, पण तो का हवा हे सर्जनना विचारा आणि उत्तर पटलं तरच मंगळसूत्राकडे बघा. मी पैसे जमवून एका गोष्टीबद्दल आवर्जून विचारीन, ती म्हणजे अँटिबायोटिक मुरवलेली नळी. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत साध्या नळीला सुमारे ६ टक्के संसर्ग झाला, या नळीला सुमारे २ टक्के.

आणखी एक प्रश्न: दुर्बिणीतून मेंदूतच नवी वाट पाडण्याचं ऑपरेशन, म्हणजे ईटीव्ही, आमच्या मुलाला चालेल का? सगळ्यांना चालत नाही. मुलाचं वय आणि पाणी कशाने साचलं, यावर ते ठरतं. पण प्रत्येक रिव्हिजनच्या आधी हा प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही, कारण तान्हेपणी मिळालेलं 'नाही' सहाव्या वर्षी बदलू शकतं.

दुसरी पायरी: फाईल

डिस्चार्ज कार्डावर 'व्हीपी शंट डन' एवढंच लिहून येतं. ते पुरत नाही. ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. शंटच्या खोक्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर असलेला स्टिकर असतो, तो नोट्सना चिकटवलेला असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढा. प्रोग्रॅमेबल असेल तर सेटिंगचा आकडा लिहून घ्या. 'रेकॉर्ड देत नाही' असं कुणी म्हणालं तर शांतपणे लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मूल ठणठणीत असतानाचा स्कॅन. शंट बंद पडला तरी काही मुलांच्या पोकळ्या फारशा फुगत नाहीत. रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं आणि मूल मात्र ओकत असतं. जुन्या स्कॅनशेजारी नवा ठेवला तरच फरक दिसतो. म्हणून ऑपरेशननंतर सगळं स्थिरावल्यावरचा स्कॅन सर्जनना विचारून करून घ्या आणि सीडी मागून घ्या. सीडीवर ओरखडा पडतो, आणि बऱ्याच लॅपटॉपना आता सीडीची खाचही नसते. म्हणून पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर एकेक प्रत ठेवा. फिल्म वळकटी करून कपाटावर टाकू नका.

फाईलच्या पहिल्या पानावर एकच कागद, मोठ्या अक्षरात: मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, रक्तगट, पाणी कशामुळे झालं, शंटचा प्रकार आणि बाजू, प्रत्येक ऑपरेशनची तारीख आणि कारण (वरचं टोक, व्हॉल्व्ह, खालचं टोक की संसर्ग), चालू औषधं, अॅलर्जी. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांना लेटेक्सची, म्हणजे रबरी हातमोज्यांची अॅलर्जी बऱ्याचदा असते. ते लाल पेनाने लिहा. हाच कागद नवऱ्याच्या, आजीच्या आणि शेजारच्या ताईंच्या फोनमध्ये पाठवून ठेवा.

तिसरी पायरी: मुलाचा नेहमीचा दिवस लिहून ठेवा

पुस्तकात लक्षणांची यादी असते आणि ती पाठच हवी. तान्ह्या बाळात: टाळू फुगलेली आणि घट्ट लागणं, डोकं भराभर वाढणं, डोळे खाली वळून वर पांढरं दिसणं, उलट्या, सारखी किरकिर किंवा उलट न उठणारी झोप, झटके. मोठ्या मुलात: डोकेदुखी, विशेषतः सकाळी, उलटी, गुंगी, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, चिडचिड, अक्षर बिघडणं, अभ्यासात अचानक मागे पडणं. नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज, जखमेतून पाणी, ताप, पोट फुगणं हेही त्यातच.

पण अडचण अशी, की ठाण्यात पाऊस सुरू झाला की वर्गातली निम्मी मुलं ओकत असतात. मग ही उलटी कुठली? इथे तुमची वही कामाला येते. आमच्या लेकीचा शंट अडतो तेव्हा यादीतलं काही दिसायच्या आधी ती एक गोष्ट करते: जेवताना पुढे वाकते आणि कपाळ ताटाच्या कडेला टेकवते. समोर वरणभात असतो, वर लिंबू पिळलेलं असतं, भूक असते, पण डोकं खाली. एरवी ही मुलगी जेवताना खुर्चीवर उभी राहून गप्पा मारते. हे कुठल्याही पुस्तकात नाही, आणि आता ते तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर आहे. तुमच्या मुलाचंही असं काहीतरी असेल. कुणी टीव्ही बंद करा म्हणतं, कुणी एकाच कानाशी हात नेतं, कुणी अचानक फार शहाण्यासारखं वागतं. पहिल्या बिघाडाच्या आधीचे दोन-तीन दिवस आठवून लिहा, आणि पुढच्या वेळी जुळतंय का ते पाहा. बऱ्याच मुलांचा शंट दर वेळी साधारण सारखीच खूण देतो, पण दर वेळी देईलच असं नाही. म्हणून यादी सोडू नका.

मी पाळते तो नियम असा. जुलाब आहेत, घरात आणखी कुणाला तसंच होतंय, मूल मधूनमधून खेळतंय: तर आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, त्याच दिवशी. जुलाब नाहीत आणि उलटीबरोबर डोकेदुखी किंवा गुंगी आहे: तर सरळ न्यूरोसर्जरी असलेलं हॉस्पिटल. मूल हाकेला नीट ओ देत नाही, झटका आला, डोळे खाली वळले, श्वास संथ झाला: तर जवळात जवळची कॅज्युअल्टी, वाटेत फोन. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' असं घरी ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी तपासून म्हणू दे.

तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर घरी मोजत असाल तर शिलाईच्या डब्यातली कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. न ताणणारी टेप, भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोकं जिथे सर्वात बाहेर आलेलं असतं तिथून, दर वेळी त्याच माणसाने. जन्मतः घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने १, आणि मग वर्षापर्यंत अर्धा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्या. रोज मोजू नका, वेड लागेल. आठवड्यातून एकदा पुरे. टोपडं घट्ट व्हायला लागलंय असं आजी म्हणाली, तर मात्र त्याच दिवशी मोजा.

व्हॉल्व्ह बोटाने दाबून 'चालतोय का' बघायचा नाही. सर्जननी शिकवलं असेल तरच, आणि सांगितलं असेल तेव्हाच. मालिशवाल्या मावशींनाही पहिल्याच दिवशी बाळाचं डोकं दाखवून सांगा: इथून मानेपर्यंत आणि छातीवर या रेषेत चोळायचं नाही. टाळू तेलाने भरण्याचा आग्रह झाला तर टाके पूर्ण भरेपर्यंत अजिबात नाही, नंतर डॉक्टरांना विचारून.

चौथी पायरी: कुठे जायचं ते आजच ठरवा

दोन हॉस्पिटलं नक्की करा. एक, जिथे तुमचे सर्जन आहेत. दुसरं, घराजवळचं, जिथे चोवीस तास सीटी आणि बोलावल्यावर येणारे न्यूरोसर्जन आहेत. दुसऱ्याच्या कॅज्युअल्टीत एखाद्या निवांत दुपारी जाऊन तोंडाने विचारा: शंटच्या मुलाला रात्री घ्याल का, लहान मुलांसाठी आयसीयू आहे का, भूलतज्ज्ञ मिळतात का. वेबसाइटवर 'न्यूरो' लिहिलेलं असतं, पण लहान मुलाच्या नावाने रात्री फोन केला की सूर बदलतो, हे आम्ही एका ठिकाणी अनुभवलं आहे. आधी विचारलेलं बरं.

ठाण्याच्या बऱ्याच घरांचे सर्जन मुंबईत असतात: परळचं वाडिया, केईएम, नाहीतर शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. रात्री ईस्टर्न एक्स्प्रेसवरून शीव गाठणं सोपं आहे. सकाळी आठच्या सुमाराला घोडबंदरहून निघून कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका ओलांडायचे म्हटलं तर ते वेगळंच प्रकरण. म्हणून निर्णय वेळेवरही ठरवा: मूल शुद्धीत आहे आणि रस्ता मोकळा आहे तर आपल्या सर्जनकडे; मूल गुंगीत आहे किंवा पिक अवर आहे तर जवळच्या ठिकाणी, आणि तिथून दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्या. कुर्ला आणि शीवला पाणी भरलं की रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये जवळचा पर्याय आधी. १०८ ची अॅम्ब्युलन्स फुकट असते. फोनवर 'मेंदूचं ऑपरेशन झालेलं मूल, गुंगीत आहे' एवढं आधी बोला, पत्ता सांगताना रस्त्यावरून दिसणारी खूण द्या आणि वॉचमनला गेटवर उभं करा.

निघताना 'दोन घास खाऊन घे' हे नको. शंट अडल्याची शंका असेल तर ऑपरेशन लागू शकतं, आणि भुलेसाठी पोट रिकामं हवं. शेवटचं काय, किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहा. तिथे तेच पहिल्यांदा विचारतात.

पाचवी पायरी: कॅज्युअल्टीत काय बोलायचं

'साहेब, सकाळपासून पोरगी बरी नाही हो' अशी सुरुवात केली तर ओआरएसचं पाकीट मिळेल. हे बोला: "हिला व्हीपी शंट आहे, उजव्या बाजूला. शेवटची रिव्हिजन मार्चमध्ये, वरचं टोक अडलं होतं. काल संध्याकाळपासून डोकं दुखतंय, आज तीन उलट्या, जुलाब नाहीत, झोपाळलेली आहे. मागच्या वेळी शंट अडला तेव्हा असंच झालं होतं. न्यूरोसर्जनना कळवा. जुना स्कॅन माझ्याकडे आहे." मग फाईल टेबलावर. आवाज चढवायची गरज सहसा पडत नाही. कागद बघून डॉक्टरांचा चेहरा बदलतो. ताण आला की बोलता येत नाही असं वाटत असेल, तर हे सगळं लिहून ठेवा आणि वाचून दाखवा.

पुढे साधारण असं होतं: सीटी किंवा झटपट होणारा एमआरआय, नळी कुठे तुटली का ते बघायला डोक्यापासून पोटापर्यंतचे एक्स-रे, कधी व्हॉल्व्हमध्ये बारीक सुई घालून द्रवाची तपासणी. पुन्हा पुन्हा सीटी म्हणजे रेडिएशन, ही काळजी रास्त आहे. एमआरआय तितक्याच लवकर होत असेल तर विचारा. पण मूल गुंगीत असताना त्यावर वाद घालायचा नाही. प्रोग्रॅमेबल व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर सेटिंग पुन्हा तपासून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.

स्कॅन 'ठीक' आला, घरी जा म्हणाले, आणि तुम्हाला मूल नेहमीचं वाटत नाहीये. तेव्हा दोनच वाक्यं: 'जुन्या स्कॅनशी ताडून पाहिलंत का?' आणि 'रात्रभर निरीक्षणाखाली ठेवता येईल का?' एवढ्यासाठी आगाऊ ठरलात तरी चालेल.

हा हट्ट धरणारे आपण पहिले नाही. फिलाडेल्फियाचे जॉन होल्टर हे मशीनवर काम करणारे कारागीर. त्यांच्या मुलाला पाठीची गाठ आणि हायड्रोसेफॅलस होता. त्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये घडवलेला व्हॉल्व्ह पुढे जगभर वापरला गेला. लेखक रोआल्ड डाल यांचं चार महिन्यांचं बाळ १९६० मध्ये न्यूयॉर्कला टॅक्सीची धडक बसून जखमी झालं, आणि त्याचा शंट सारखा तुंबायचा. डाल यांनी स्टॅनली वेड हे अभियंते आणि केनेथ टिल हे न्यूरोसर्जन यांना एकत्र आणून नवा व्हॉल्व्ह करवून घेतला. १९६२ मध्ये तो तयार झाला, तोवर त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्याची गरज उरली नव्हती.

सहावी पायरी: वॉर्डातले दिवस

भुलेआधी साधारणपणे जेवण सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास बंद असतं. तुमच्या भूलतज्ज्ञांचा आकडा तो अंतिम. 'सकाळी पहिलीच केस' असं सांगतात आणि मध्येच अपघाताची केस आली की दुपार उजाडते. अशा वेळी सिस्टरना विचारा: 'उशीर होणार असेल तर आता घोटभर पाणी देऊ का?' बऱ्याचदा हो म्हणतात, आणि विचारलं नाही तर मूल कोरडं राहतं. शेजारच्या कॉटवर कुणी वडापाव उघडत असेल तर मुलाला घेऊन व्हरांड्यात फिरा.

संसर्ग झाला असेल तर मुक्काम लांबतो. बहुधा जुना शंट काढतात, द्रव बाहेर पिशवीत काढणारी नळी म्हणजे ईव्हीडी लावतात, शिरेतून अँटिबायोटिक देतात, आणि द्रव स्वच्छ झाल्यावर नवा शंट बसवतात. एकाच आजारासाठी दोन ऑपरेशनं, मध्ये दोन आठवडे किंवा जास्तही. हे आधी कळलेलं असलं म्हणजे रजेचा अर्ज नीट लिहिता येतो.

ईव्हीडीची उंची मुलाच्या कानाच्या पातळीशी जुळवलेली असते. मूल उठून बसलं किंवा कुणी कॉट वर केली, की द्रव एकदम जास्त वाहतो आणि ते धोक्याचं असतं. म्हणून बसवायचं, कुशीत घ्यायचं, बाथरूमला न्यायचं असेल तर आधी सिस्टरकडून नळी बंद करून घ्यायची, मग हलवायचं, मग पुन्हा पातळी लावून उघडून घ्यायची. भेटायला येणारे मामा प्रेमाने उचलून घेतात. कॉटवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. पारदर्शक नळकांड्यात थेंब पडताना दिसतात, नितळ पाण्यासारखे. तासन्‌तास ते मोजत बसावंसं वाटतं. मोजायचं काम सिस्टरांचं, तुम्ही रंगावर नजर ठेवा: गढूळ झाला, लाल झाला किंवा थेंब थांबले तर लगेच सांगा.

राउंड सकाळी पटकन उरकतो. रात्रीच तीन प्रश्न लिहून ठेवा, तीनच. सातवा प्रश्न ऐकायला सर्जन पुढच्या कॉटवर गेलेले असतात.

मुलाशी खोटं बोलू नका. 'नुसता फोटो काढायचाय' म्हणून नेलं आणि डोकं भादरून परत आणलं, तर पुढच्या ऑपरेशनला ते दारातूनच आत येणार नाही, आणि पुढचं ऑपरेशन असण्याची शक्यता आहे. तीन-चार वर्षांच्या मुलालाही सांगता येतं: नळी अडकलीय, डॉक्टरकाका ती बदलणार, तू झोपलेला असशील, जागा झाल्यावर दुखेल, औषध देतील, मी तिथेच असेन. घरी राहिलेल्या भावंडालाही हेच सांगा आणि रोज एक व्हिडिओ कॉल करा.

सातवी पायरी: घरी आल्यावर

पहिले काही दिवस डोकं किती उंच ठेवायचं हे सर्जन सांगतात, कारण एकदम उभं केलं तर द्रव जास्त वाहून डोकं दुखू शकतं. जखम कोरडी ठेवायची. केस कधी धुवायचे ते विचारूनच. व्हॉल्व्हच्या बाजूवर सारखं झोपवू नका, तान्ह्याची कातडी पातळ असते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. पोट तट्ट झालं की खालच्या टोकातून द्रव उतरायला अडथळा येऊ शकतो. लसी चालूच ठेवायच्या, न्यूमोकोकलसकट. पोटाचं दुसरं कुठलं ऑपरेशन, अगदी अपेंडिक्सचंही, ठरलं तर त्या सर्जनना शंटचं आधी सांगायचं, आणि दाताच्या डॉक्टरांनाही. प्रोग्रॅमेबल व्हॉल्व्ह असेल तर चुंबक असलेली खेळणी, हेडफोन, टॅबचं चुंबकी कव्हर डोक्याला टेकवू नका.

आठवी पायरी: पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होतानाच तिथे जा, बिल भरल्यावर नाही, आणि शंटचं पॅकेज त्या हॉस्पिटलला मंजूर आहे का ते विचारा. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढवलेलं नसतं म्हणून बरीच घरं अडकतात. जन्मदाखला आला की आधी ते काम करा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या सोशल वर्करना भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर बाळाचं नाव मुदतीत घाला. अशा पॉलिसीत आधीच्या आजाराला बहुतेक वेळा थांबावं लागत नाही. स्वतंत्र पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी बदलताना हे डोक्यात ठेवा.

शंट आहे एवढ्यावर अपंगत्वाचा दाखला मिळत नाही. पण हातपाय, दृष्टी किंवा बौद्धिक वाढीवर परिणाम असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ४० टक्के आणि वर असलेल्यांना बऱ्याच सवलती आहेत. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज होतो. जुन्या करपद्धतीत असाल तर अपंग मुलाच्या खर्चासाठी (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,०००.

नववी पायरी: शाळा

मुख्याध्यापकांना एक पानी पत्र, सर्जनच्या सहीचं: शंट म्हणजे काय, कोणती लक्षणं दिसली तर घरी फोन, कोणती दिसली तर थेट १०८. वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर यांना समक्ष भेटा, कारण पत्र ऑफिसच्या फायलीत झोपतं. पळणं, सायकल, क्रिकेट बहुतेक मुलांना चालतं, जखम भरल्यावर पोहणंही. बॉक्सिंग, कुस्ती, कबड्डी यांबद्दल सर्जनना विचारा. गोविंदा पथकाचा सराव गल्लीतच चालतो आणि वरच्या थराला हलकं पोर हवंच असतं. तिथे सरळ नाही. तलावपाळीला बोटीत बसायला मात्र काही हरकत नाही.

बाईंना एवढंच मागा: मूल बेंचवर डोकं टेकवून पडलं तर 'आळशी' म्हणण्याआधी मला फोन करा. गणितात किंवा लक्ष एकवटण्यात मागे पडत असेल तर बालविकासतज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि हे मागे पडणं हळूहळू होतंय की अचानक झालंय हे बघा. अचानक असेल तर शिकवणीआधी न्यूरोसर्जन.

दहा-अकरा वर्षांचं झालं की मुलालाच स्वतःची ओळख सांगायला शिकवा: मला व्हीपी शंट आहे, उजवीकडे, शेवटची रिव्हिजन अमुक साली. ओळखपत्राच्या मागे तेच चिकटवा, सर्जनच्या हॉस्पिटलच्या नंबरसकट. लहान मुलांच्या विभागात ठराविक वयानंतर फाईल बंद होते. कुठल्या मोठ्यांच्या न्यूरोसर्जनकडे जायचं हे त्याआधी वर्षभर विचारून ठेवा, आणि पहिल्या भेटीला जुने-नवे दोन्ही स्कॅन घेऊन जा.